बोल्ट पुन्हा जड लागतोय? डाय बदलायच्या आधी पुंगळी मोजा

शनिवारी रात्री साडेआठ. इकडे भांडुपला ताटं वाढली जात होती, तिकडे टेक्सासमध्ये सकाळचे दहा. भाच्याने गॅरेजमध्ये फोन टेकवून ठेवलेला, मागे बेंचवर काडतुसं पुन्हा भरायचा हिरवा प्रेस, आणि चेहऱ्यावर तोच भाव.

"मामा, परत तेच. बोल्टचा दांडा खालीच येत नाही."

बोल्ट म्हणजे रायफलचा कप्पा मागून बंद करणारा अडसर. सहा महिन्यांत ही तिसरी खेप. पहिल्यांदा त्याने डाय, म्हणजे पितळ दाबायचा साचा, बदलला. दुसऱ्यांदा डायची सेटिंग बदलली. तिसऱ्यांदा पुन्हा नवा डाय मागवायला निघाला होता, ते मी थांबवलं. त्याच्यासारखे आणखी बरेच जण परदेशात असतील, रायफलचा छंद नवा आणि रीलोडिंग, म्हणजे झाडलेली काडतुसं पुन्हा भरणं, त्याहून नवं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी लायकी आधी सांगतो. मी प्रेस टूलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं डाय फिटिंग केलं. रायफलचं म्हणाल तर कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या मारल्या, तेवढंच. पण पितळ डायमध्ये दाबलं की काय करतं, हे मला माहीत आहे. आणि हा सगळा प्रश्न त्या पितळाचाच निघाला.

दुसरी गोष्ट, मुंबईत वाचणाऱ्यांसाठी. हे इथे घरी करून बघायचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसं परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहेच, शिवाय 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री धरलेली आहे. भाचा म्हणाला, "दोन रिकाम्या पुंगळ्या बॅगेत टाकून आणतो, तू हातात घेऊन बघ." मी म्हटलं, बाबा रे, विमानतळावर मामाचं नाव सांगू नकोस. जे बघायचं ते व्हिडिओवर बघू. तो राहतो तिथे हा छंद कायदेशीर आहे, तो तिथेच राहू दे.

शब्द एकदा ठरवून घेऊ. झाडल्यावर मागे उरते ती पितळी पुंगळी. इंग्रजीत तिला केस म्हणतात, पण आपल्याकडे केस म्हटलं की एक तर डोक्यावरचे नाही तर कोर्टातली. पुंगळीला बूड असतं, मग अंग, मग उतरता खांदा, आणि वर गोळी धरणारी मान. रायफलच्या ज्या कप्प्यात ती बसते ते चेंबर. झाडताना दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला जाऊन टेकते आणि किंचित मागे येते. म्हणजे झाडलेली पुंगळी हा तुमच्याच चेंबरचा साचा असतो. पुन्हा वापरायची तर तिला डायमध्ये दाबून थोडी बारीक करायची, तो साइझिंग डाय. किती बारीक करायची, एवढाच काय तो प्रश्न. उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात असतं, ज्याला आम्ही टूलरूममध्ये थाउ म्हणायचो.

आता भाच्याची कथा. त्याची .३०८ विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा. सुरुवात करताना कुणीतरी सांगितलं, "फक्त मान दाबणारा डाय घे, पितळ जास्त टिकतं." सल्ला अगदीच खोटा नाही. नेक डाय अंगाला आणि खांद्याला हात लावत नाही, नुसती मान आवळतो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेळेला झकास चाललं. चौथ्यांदा बोल्ट जड. कारण दर वेळी पुंगळी थोडी थोडी चेंबरच्या मापाला भरत जाते आणि पितळ कडक होत जातं. शेवटी ती चेंबरमध्ये बुचासारखी बसते. नेक डायवाल्याला कधी ना कधी पूर्ण अंग दाबणाऱ्या डायकडे यावंच लागतं, हे त्या सल्लागाराने सांगितलं नव्हतं.

मग त्याने फुल-लेंग्थ डाय आणला. डब्यातल्या कागदावर जे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं तेच केलं: डाय खाली आणून शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवा आणि आणखी पाव फेरा खाली द्या. बोल्ट लोण्यासारखा चालायला लागला. भाचा खूश. चार खेपांनंतर पुंगळीच्या बुडापासून साधारण पाव इंचावर चमकदार गोल रेघ दिसू लागली, आणि एक पुंगळी तिथेच चिरली.

तेव्हा घाबरून त्याने डाय अर्धा फेरा वर घेतला. आणि आता बोल्ट पहिल्यापेक्षाही जड.

"मामा, डाय वर घेतला म्हणजे कमी दाबला ना? नेक डायने व्हायचा तेवढा जड झाला तर समजू शकतो. त्याहून जास्त कसा?"

त्या आधी मी त्याला दोन-तीन गोष्टी वगळायला लावल्या. त्या तुम्हीही वगळा, कारण प्रत्येक जड बोल्ट हा साइझिंगचा दोष नसतो.

बोल्ट बंद करताना जड आहे की झाडल्यावर उघडताना? उघडताना जड असेल, बुडावर चकचकीत ठसा उमटत असेल, प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला असेल, तर विषय दाबाचा आहे. तिथे थांबायचं, मॅन्युअल उघडायचं, आणि डायच्या सेटिंगने तो प्रश्न सुटेल असं मनातसुद्धा आणायचं नाही.

बंद करताना जड असेल तर साइझ केलेली पण रिकामी पुंगळी, प्रायमर नाही, दारू नाही, गोळी नाही, अशी चेंबरमध्ये घालून बघा. रिकामी सहज जाते आणि भरलेली अडकते, तर गडबड साइझिंगनंतर झाली आहे. एक तर गोळी फार बाहेर ठेवलीय आणि ती नळीच्या आट्यांना टेकतेय, नाही तर सीटिंग डाय, म्हणजे मानेत गोळी बसवणारा डाय, इतका खाली आणलाय की मान चेपता चेपता खांदा फुगलाय. नवशिक्यांकडून हे दुसरं फार होतं. पुंगळीची एकूण लांबीही बघा. .३०८ ला कमाल २.०१५ इंच, कापून आणायची ती २.००५ ला. कमाल मापापेक्षा लांब झालेली मान चेंबरच्या टोकाला चिमटली जाते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. हे नुसतं जड बोल्टपुरतं राहत नाही.

भाच्याची रिकामी पुंगळीच अडकत होती. मग मी त्याला आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती करायला सांगितली. आम्ही दोन भाग घासतात कुठे ते शोधायला मार्किंग ब्लू लावायचो, निळा रंग बोटाने पुसट फासायचा, भाग बसवायचा, काढायचा, रंग गेला तिथे घासतंय. त्याच्याकडे ब्लू नव्हता, काळा मार्कर होता. पुंगळी बुडापासून मानेपर्यंत काळी केली, चेंबरमध्ये घातली, बोल्ट जोर न लावता जेवढा जाईल तेवढा नेला, बाहेर काढली आणि कॅमेऱ्यासमोर फिरवली. अंग तसंच काळं. मानही काळी. खांद्यावर मात्र गोल कंकण पुसलं गेलेलं, पितळ लखलखत होतं.

म्हणजे खांदा पुढे आलाय. बुडाजवळचा रंग गेला असता तर गोष्ट वेगळी होती, त्यावर खाली येतो.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. उकडीचा मोदक वळताना पारी मुठीत घेऊन बाजूने दाबली की पीठ कुठे जातं? वर. नाक लांब होतं. पुंगळीचंही तेच. फुल-लेंग्थ डाय आधी अंग आवळतो. अंग बारीक झालं की पितळाला जायला जागा लागते, आणि खांद्यावर डाय अजून टेकलेला नसेल तर खांदा पुढे सरकतो. डाय आणखी खाली आला की मग तो खांद्याला भेटतो आणि त्याला मागे ढकलतो. म्हणजे डाय खाली आणत जाताना माप आधी वाढतं, मग कमी होतं. भाचा अर्धा फेरा वर घेऊन नेमका त्या वाढीच्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला होता. अर्धवट दाबलेली पुंगळी न दाबलेल्या पुंगळीपेक्षा लांब! नवख्या माणसाला हे पटत नाही, मोजून दाखवावं लागतं.

मोजायचं कसं? खांदा उतरता आहे, त्यावर व्हर्निअर धरता येत नाही. टूलरूममध्ये टेपर मोजताना आम्ही एक व्यास ठरवायचो आणि त्या व्यासापाशी उंची मोजायचो. काडतुसवाल्यांनीही तेच केलंय. .३०८ चा खांदा जिथे बरोबर ०.४०० इंच व्यासाचा असतो तिथून बुडापर्यंतचं अंतर हे माप. व्हर्निअरच्या जबड्याला अडकवायचा, त्याच व्यासाचं भोक असलेला एक छोटा तुकडा मिळतो, त्याला हेडस्पेस कंपॅरेटर म्हणतात. माझं ठाम मत आहे की डायच्या आधी हा तुकडा घ्यावा. भाच्याने तोपर्यंत दोन डाय घेतले होते आणि हा घेतलाच नव्हता, मग मागवला. पुढचा शनिवार उजाडला.

झाडलेली पुंगळी मोजताना आधी जुना प्रायमर काढून टाका, तो जराही वर आला असेल तर माप खोटं येतं. एकावर विश्वास ठेवू नका, पाच मोजा. आणि पुंगळ्या दोन-तीनदा झाडलेल्या असाव्यात, एकदाच झाडलेली पूर्ण भरलेली असेलच असं नाही.

त्याची झाडलेली पुंगळी: १.६३२. 'टेकवून पाव फेरा' या सेटिंगने दाबून बाजूला ठेवलेल्या पुंगळ्या: १.६२४. आणि अर्धा फेरा वर घेतल्यावरच्या, म्हणजे आता अडकणाऱ्या: १.६३५. मी हे तीन आकडे पाण्याच्या बिलाच्या मागे लिहिले आणि कॅमेऱ्यासमोर धरले. तो बराच वेळ बघत राहिला. कंपॅरेटरचा आकडा अमेरिकेतल्या प्रमाण गेजशी तंतोतंत जुळेलच असं नसतं, पण आपल्याला फरकाशी मतलब आहे.

फरक बघा. पहिल्या सेटिंगला खांदा ८ थाउ मागे ढकलला जात होता. झाडताना पुंगळीचं अंग चेंबरच्या भिंतीला चिकटतं, बूड मात्र मागे बोल्टला जाऊन टेकतं, आणि मधलं पितळ तेवढं ताणलं जातं. दर वेळी ८ थाउ. ती चमकदार रेघ म्हणजे आतून पातळ होत आलेलं पितळ. तिथून पुंगळी दोन तुकडे होते आणि गरम वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

पण मग डाय बनवणाऱ्याने चूक केली का? नाही. .३०८ च्या चेंबरचं प्रमाण माप १.६३० ते १.६४० इंच असू शकतं, दहा थाउची सूट. डायवाल्याला कुणाची रायफल कुठल्या टोकाची हे माहीत नसतं. त्याच्या डायमधून निघालेली पुंगळी सगळ्यांत आखूड चेंबरमध्येही गेली पाहिजे, म्हणून तो डाय आखूडच करतो. कागदावरची सूचना सगळ्या जगासाठी आहे. तुमचं चेंबर तुम्ही मोजायचं.

मग आम्ही सेटिंग केली, आणि सबंध प्रकरणात मला मजा आली ती इथे. डायचे आटे ७/८ इंचाचे, इंचाला १४. म्हणजे पूर्ण फेऱ्याला डाय साधारण ७१ थाउ सरकतो. एक थाउ हवा तर पाच अंश. घड्याळाचा मिनिट काटा एका मिनिटात सहा अंश जातो, म्हणजे काटा एक मिनिट सरकेल तेवढाच डाय फिरवायचा. भाचा आजवर पाव फेरा, अर्धा फेरा अशा भाषेत बोलत होता, म्हणजे १८ थाउ आणि ३६ थाउ. सुई ओवायला दोरखंड! मी त्याला डायच्या अंगावर आणि प्रेसच्या डोक्यावर मार्करने एक सरळ रेघ मारायला लावली, म्हणजे किती फिरला ते डोळ्यांना दिसतं.

डाय वर ठेवून सुरुवात. तेल लावलेली पुंगळी दाबली, पुसली, मोजली. १.६३५. दोन मिनिटांएवढा फिरवला: १.६३५. आणखी: १.६३४. आणखी: १.६३२. म्हणजे आता खांदा भेटला आणि मूळ जागी आला. एक-एक मिनिट करत १.६३० ला थांबलो. झाडलेल्या मापापेक्षा २ थाउ मागे. बोल्ट ॲक्शनला एक ते दोन थाउ पुरतात. ऑटोलोडिंग, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलला तीन-चार थाउ ठेवतात, कारण तिथे दांडा दाबून बंद करायला माणसाचा हात नसतो, आणि अर्धवट बंद झालेली रायफल नको.

आकडा खरा की नाही ते बोल्टला विचारा. बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवले की स्प्रिंगांचा जोर मध्ये येत नाही. मग रिकामी पुंगळी घातली की दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, किंवा शेवटी जराशी जाणीव होऊन. भाच्याने दांडा सोडला आणि तो टक्कन पडला. तो आवाज मी भांडुपला ऐकला.

एक अडचण मात्र आली. त्याच सेटिंगला काही पुंगळ्या १.६३० तर काही १.६३२ यायला लागल्या. कारणं तीन. तेल कमी-जास्त. प्रेस दाबाखाली किंचित ताणला जातो, म्हणून कडक पुंगळीला डाय प्रत्यक्षात थोडा वरच राहतो. आणि पितळ, ७० टक्के तांबं नि ३० टक्के जस्त, जितक्या वेळा दाबाल-फुगवाल तितकं कडक होऊन मागे उसळतं. तांबट हंडा ठोकताना मध्ये मध्ये भट्टीत का घालतो? याच कारणाने. पुंगळीची मान आणि खांदाही असा तापवून मऊ करतात, बूड कधीच नाही, ते कडकच पाहिजे. पण ते शिकायला वेळ आहे. सध्या प्रेसचा दांडा तळाशी तीन-चार सेकंद धरून ठेव म्हटलं, आणि वेगवेगळ्या वेळा झाडलेल्या पुंगळ्या एका डब्यात मिसळू नकोस. फरक एका थाउच्या आत आला.

तर मग कुठला डाय घ्यायचा? माझं मत, एकच साधा फुल-लेंग्थ डाय. नेक डाय आधी नको. तो वाईट नाही, पण त्याच्यामुळे प्रश्न चौथ्या खेपेपर्यंत लपून राहतो, आणि तेव्हा नवशिक्याला कळत नाही की आज काय बदललं. फुल-लेंग्थ डाय मोजून लावला तर पितळ भरपूर टिकतं, पितळाला मारतो तो आंधळा पाव फेरा.

बुशिंग डायचा मोह होईल. त्यात मानेसाठी वेगवेगळ्या व्यासाच्या रिंगा बदलता येतात. भरलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास मोजून त्यापेक्षा दोन-एक थाउ लहान रिंग निवडतात. छान वस्तू आहे, दुसऱ्या वर्षी घ्या. स्मॉल-बेस डाय बुडाजवळ जास्त आवळतो. मार्करचा रंग खांद्याऐवजी बुडाजवळ पुसला गेला, किंवा दुसऱ्याच्या रायफलमध्ये झाडलेलं पितळ तुम्ही उचलून आणलं असेल, तरच त्याची गरज. आणि कार्बाइडच्या नावाला भुलू नका. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइड डायमध्ये तेल लागत नाही हे खरं, पण रायफलच्या खांदेवाल्या पुंगळीला तिथेही लागतं.

तेलावरून आठवलं. भाच्याने एकदा फवाऱ्याचं तेल मारलं आणि लगेच दाबायला घेतलं. त्यातलं अल्कोहोल उडायला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतात, तेव्हा कुठे मागे लॅनोलिनचा पापुद्रा राहतो. पुंगळी आतच अडकली, दांडा ओढला तर बुडाची कड फाटून शेल होल्डर रिकामाच परत. काढायची कशी, तर बुडाला भोक पाडून आत आटे मारायचे आणि स्क्रूने ओढून घ्यायची. टॅप मारणं त्याने माझ्याकडूनच लहानपणी शिकलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेव्हा आईची बोलणी दोघांनीही खाल्ली. त्या प्रकारानंतर तो उलट इतकं तेल लावायला लागला की खांद्यावर पोचे. साचलेलं तेल दबत नाही, ते पितळालाच आत ढकलतं. छोटा पोचा झाडल्यावर निघून जातो, पण तेल कमी करा.

आणि दांडा परतताना डायमधून कूं-कूं आवाज येत असेल तर मान आतून कोरडी आहे. डायमधला, मानेच्या आतून वर येणारा गोळा तिला ओढत आणतो आणि तुम्ही कष्टाने मागे बसवलेला खांदा पुन्हा थाउ-दोन थाउ पुढे येतो. ब्रशने मानेच्या आत चिमूटभर ग्रॅफाइट फिरवा. सेटिंग करताना त्या गोळ्यासकटच करा, तो काढून मोजलंत आणि नंतर लावलात तर आकडा बदलणार.

सेटिंग झाल्यावर डाय जागेवर पक्का करणारी लॉक रिंग आवळताना डाय पुन्हा थोडा फिरतो, हे विसरू नका. एक पुंगळी डायमध्ये वर नेऊन ठेवा, दाब असू द्या, आणि मग रिंग आवळा. भाच्याची पहिली आवळणी अशीच गेली, १.६३० चं १.६२८ झालं.

राहिला जुन्या पुंगळ्यांचा प्रश्न, ८ थाउने दाबून दाबून ज्यांची बुडाजवळची भिंत पातळ झाली होती त्या. त्या सेटिंग सुधारून बऱ्या होत नाहीत. पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक इवलंसं वाकवलं, पुंगळीच्या आत घालून बुडाकडून वर घासत आणलं. चांगल्या पुंगळीत टोक गुळगुळीत येतं. बिघडलेल्या पुंगळीत बुडाच्या जरा वर खाचेत अडकतं, बोटाला खट्ट लागतं. पन्नासातल्या एकोणीस अडकल्या. भाचा म्हणाला, "यातल्या पाच-सहा अगदी किंचित अडकतात, एकदा वापरू?" मी काहीच बोललो नाही, नुसता बघत राहिलो. त्याने पकड घेतली, एकोणीसच्या एकोणीस पुंगळ्यांची तोंडं चेपली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.